लाकडाचा कटर घ्यायचा? सीसी नंतर विचारा, आधी बुंध्याचा घेर मोजा

बुलढाणा : अक्षय तृतीयेला भेंडवळची घटमांडणी झाली की जिल्ह्यात पावसाच्या अंदाजाची चर्चा सुरू होते. त्याच सुमारास गावोगावी जळतण भरायची घाईही सुरू होते. धुऱ्यावरची वाळलेली बाभूळ, वादळात पडलेला निंब, बुजलेल्या नाल्यातली वेडी बाभूळ, जे हाती लागेल ते पावसाळ्याआधी फोडून गोठ्यात रचायचं असतं. उज्ज्वला योजना 2016 मध्ये आली, घरोघरी सिलिंडर पोचले. तरी आंघोळीचं पाणी, जनावरांचं आंबोण, लग्नाची पंगत आणि ज्वारीच्या भाकरी अजून लाकडावरच आहेत. गावच्या स्मशानभूमीलाही लाकूड लागतंच.

पूर्वी हे काम कुऱ्हाड आणि दोन माणसांच्या करवतीवर व्हायचं. आता त्या कामाला दिवसभर राबणारा मजूर मिळत नाही. म्हणून पेट्रोलवर चालणारी चेनसॉ, म्हणजे गावात जिला सगळे कटर किंवा कटर मशीन म्हणतात ती, शेतकऱ्यांच्या घरात येऊ लागली आहे. मोबाईलवर जाहिराती धडाधड येतात. 52 सीसी, 58 सीसी, 62 सीसी, 22 इंची बार, सोबत चेन फुकट. सोयाबीन विकून हातात आलेल्या पैशातून शेतकरी आकडा बघून मोठी मशीन मागवतो. दोन हंगामांनी तीच मशीन कोठ्यात पडलेली दिसते. कुठे चेन मिळत नाही, कुठे कार्बोरेटर बिघडलेला, तर कुठे वजनच इतकं की कोणी उचलायला तयार नाही.

मध्यम दरातली मशीन घेताना तीन गोष्टी पाहिल्या तर पैसा वाया जात नाही. आपल्या शेतातलं लाकूड किती जाडीचं आहे, दुरुस्ती किती अंतरावर होते आणि चेनचा ब्रेक काम करतो का. सीसीचा नंबर त्यानंतर लागतो.

आधी दोरी घ्या आणि घेर मोजा

आपल्याला केवढी मशीन लागते हे दुकानात नाही, शेतात ठरतं. साधी सुतळी घ्या. जे झाड कापायचं आहे त्याच्या बुंध्याला एक वेढा मारा, दोरी मोजा आणि आलेल्या आकड्याला तीनाने भागा. घेर 36 इंच भरला तर जाडी साधारण 12 इंच. अशी आठ-दहा झाडं, ओंडके मोजून पाहा. जळतणाला लागणारं बरंचसं लाकूड 5 ते 12 इंचांतच बसतं. त्याहून जाड बुंधे क्वचित येतात.

बार, म्हणजे चेन जिच्यावर फिरते ती पट्टी, लाकडाच्या जाडीपेक्षा दोनेक इंच लांब असावी. 12 इंचाच्या लाकडाला 14 ते 16 इंची बार पुरतो. एखादा 20 इंची बुंधा आलाच तर तो दोन्ही बाजूंनी कापता येतो. त्या एका बुंध्यासाठी वर्षभर 22 इंची बार हातात वागवण्यात अर्थ नाही. बार जितका लांब तितका इंजिनवर भार जास्त, चेन महाग, धार लावायला दाते जास्त आणि टोक जमिनीला लागायची भीतीही जास्त.

दोन-अडीच इंचांच्या आतल्या फांद्या, तुराट्या, पऱ्हाटी यांना कटर लावूच नये. बारीक फांदी चेनमध्ये अडकून फटकन अंगावर येते. त्याला कुऱ्हाड, कोयता नाही तर हातकरवतच बरी. तसंच कटर लाकूड आडवं कापतो, फोडत नाही. दीड फुटाचे तुकडे पाडल्यावर फोडायला पुन्हा कुऱ्हाड आणि पाचर लागतेच. उभी चिराई करून फळ्या काढायच्या असतील तर आरागिरणीत जावं. साध्या चेनने उभं चिरायला गेलं की काम रेंगाळतं आणि इंजिन तापतं.

सीसी म्हणजे काय, आणि काय नाही

सीसी म्हणजे इंजिनच्या सिलिंडरची आतली जागा. गोल विहिरीत किती पाणी मावतं याचा हिशेब शेतकरी करतोच, हाही तसाच आहे. सिलिंडरच्या आतल्या व्यासाला बोअर म्हणतात आणि पिस्टन जेवढा वर-खाली सरकतो त्याला स्ट्रोक. बोअरला बोअरने गुणा, त्याला 0.785 ने गुणा, मग स्ट्रोकने गुणा. बोअर 4.5 सेंटिमीटर आणि स्ट्रोक 3.2 सेंटिमीटर असेल तर उत्तर येतं जवळपास 51 सीसी. मशीनसोबतच्या पुस्तकात बोअर आणि स्ट्रोक दिले असतील तर मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर दोन मिनिटांत कळतं की पेटीवरचा आकडा खरा आहे की फुगवलेला. स्वस्त मशीनच्या पेटीवरचा आकडा आणि आतलं इंजिन यात फरक निघू शकतो, म्हणून हा हिशेब करूनच घ्यावा.

त्यातही सीसी ही जागा आहे, ताकद नाही. ताकद किलोवॅट किंवा एचपीत मोजतात. 1 किलोवॅट म्हणजे सुमारे 1.34 एचपी. एक उदाहरण पुरेसं आहे. स्टिल कंपनीची एमएस 180 ही मशीन 31.8 सीसीची आहे आणि तिची ताकद दीड किलोवॅटच्या आसपास. हस्कवर्नाची 120 मार्क टू ही 38 सीसीची, पण ताकद 1.4 किलोवॅट. सीसीत सहाचा फरक, कामात जवळपास सारख्या. वजन मात्र पहिलीचं सुमारे 4 किलो आणि दुसरीचं पाच किलोला थोडं कमी. हे वजन बार, चेन आणि पेट्रोल सोडून आहे.

म्हणून दुकानात "किती सीसीची आहे?" एवढंच विचारून थांबू नका. "किलोवॅट किती आणि वजन किती?" हेही विचारा. दुपारच्या उन्हात वाकून तीन तास काम करायचं तर एक-दोन किलोचा फरक कंबरेला कळतो.

बाजारातले चार गट

*पहिला गट : बिगरनावाच्या किंवा कमी परिचित नावाच्या 52 ते 62 सीसी मशीन.* ऑनलाइन आणि आठवडी बाजाराच्या गावातल्या दुकानांत या सर्वात जास्त दिसतात. किंमत साधारण पाच-सहा हजारांपासून दहा-बारा हजारांपर्यंत. बार 18 ते 22 इंची. पेट्रोल, ऑइल भरून वजन सात किलोच्या आसपास जातं. फायदा असा की पैसे कमी लागतात, जाड बुंधा कापता येतो आणि अनेक मशीनचा आराखडा एकसारखा असल्याने एकीचे पार्ट दुसरीला बसतात. तोटा असा की एकाच नावाच्या दोन मशीनही सारख्या निघतील याची खात्री नसते. सोबत आलेली चेन लवकर बोथट होते, ऑइलचा पंप कमी-जास्त सोडतो आणि वॉरंटी कागदावर असली तरी मशीन कुरिअरने परत पाठवावी लागू शकते. ज्याला स्वतः कार्बोरेटर उघडता येतो, प्लग काढता येतो, त्याच्यासाठी हा सौदा वाईट नाही. ज्याला ते जमत नाही त्याच्यासाठी स्वस्त मशीन महाग पडते.

*दुसरा गट : नामांकित कंपन्यांच्या 30 ते 38 सीसी मशीन.* वर सांगितलेल्या स्टिल एमएस 180 आणि हस्कवर्ना 120 या याच गटातल्या. किंमत पहिल्या गटाच्या दुप्पट-तिप्पट. बार 14 ते 16 इंची. पाहताना या लहान वाटतात आणि म्हणूनच शेतकरी नाक मुरडतो. पण 10-12 इंचांपर्यंतची बाभूळ, निंब, सुबाभूळ, बोर या मशीन आरामात कापतात. घरच्या जळतणासाठी, धुऱ्यावरच्या झाडांसाठी आणि संत्रा, आंब्याच्या बागेतल्या वाळलेल्या फांद्यांसाठी हाच गट सर्वात सोयीचा. फक्त रोज दिवसभर मजुरीवर चालवायला या बनलेल्या नाहीत.

*तिसरा गट : नामांकित कंपन्यांच्या 45 ते 50 सीसी मशीन.* स्टिलची एमएस 250 ही 45.4 सीसी, 2.3 किलोवॅट, म्हणजे तीन एचपीच्या वर, आणि वजन 4.6 किलो. हस्कवर्नाची 445 ही 45.7 सीसी, 2.1 किलोवॅट. बार 16 ते 18 इंची. म्हणजे 58 सीसी छापलेल्या जड मशीनशी बरोबरी करणारं काम दीड-दोन किलो कमी वजनात होतं. ज्याला गावात भाड्याने कटाई करायची आहे, वीटभट्टीला किंवा आचाऱ्यांना लाकूड पुरवायचं आहे, त्याने इथपासून सुरुवात करावी. किंमत जास्त आहे, पण मशीन रोज चालली तरच ती वसूल होते.

याशिवाय बलवान, किसानक्राफ्ट, नेपच्यून अशा नावांच्या मशीन पहिल्या आणि दुसऱ्या गटाच्या मधल्या दरात मिळतात. यांच्याबाबत नावापेक्षा जवळचा विक्रेता महत्त्वाचा. तालुक्याच्या गावात ज्याच्याकडे पार्ट आहेत आणि बसून दुरुस्त करणारा माणूस आहे, ती मशीन चांगली.

*चौथा गट : विजेवरच्या आणि बॅटरीच्या.* घराजवळ, गोठ्याजवळ लाकूड आणून कापायचं असेल तर विजेचा कटर स्वस्त आणि कमी कटकटीचा. पेट्रोल नाही, मिश्रण नाही, दोरी ओढणं नाही. पण 2,000 वॅटची मशीन सुमारे 9 अँपिअर करंट खेचते. बारीक वायरचा लांब तुकडा जोडला तर व्होल्टेज पडतं, वायर तापते आणि मोटर जळते. जाड वायर, 16 अँपिअरचा सॉकेट आणि चांगलं अर्थिंग असेल तरच घ्यावा. ओल्या जागेत, पावसात वापरू नये. हातात मावणारे चार-सहा इंची बॅटरीचे कटर बागेच्या छाटणीपुरते ठीक आहेत. बाभळीच्या ओंडक्याला ते लावू नयेत.

विकत घ्यावी की भाड्याने आणावी?

हा हिशेब फार कमी जण करतात. समजा मशीन 24 हजारांची घेतली आणि पाच वर्षे टिकली. वर्षाला 4,800 रुपये झाले. चेन, बार, प्लग, दुरुस्ती मिळून वर्षाला 2,000 धरा. एकूण 6,800. आता समजा गावातला मशीनवाला स्वतःच्या पेट्रोलसह दिवसाचे 1,500 घेतो. घरची मशीन चालवली तरी पेट्रोल-ऑइलचे 300 आणि स्वतःच्या मजुरीचे 500 लागतातच. म्हणजे एका दिवसामागे खरी बचत 700 रुपये. 6,800 ला 700 ने भागलं तर उत्तर दहाच्या जवळ येतं.

अर्थ सरळ आहे. वर्षाला दहा दिवसांपेक्षा जास्त काम असेल तर मशीन परवडते. दोन-तीन दिवसांचं काम असेल तर मशीनवाला बोलावणं स्वस्त. वरचे आकडे उदाहरणाचे आहेत. आपल्या गावचा दर आणि आपल्या मशीनची किंमत टाकून प्रत्येकाने हा हिशेब वहीत मांडावा. चार-पाच शेतकऱ्यांनी किंवा बचत गटाने मिळून दुसऱ्या-तिसऱ्या गटातली एक चांगली मशीन घेणं हाही एक मार्ग आहे. मात्र चालवणारा माणूस एकच ठरवावा. पाच हातांत फिरणारी मशीन लवकर बिघडते.

अनुदानाचा विचार असेल तर आधी महाडीबीटी पोर्टलवर त्या वर्षीच्या अवजारांच्या यादीत हे यंत्र आहे का ते तालुका कृषी कार्यालयात विचारून घ्यावं. पूर्वसंमती मिळण्याआधी घेतलेल्या अवजाराला अनुदान मिळत नाही, हे ट्रॅक्टरच्या अवजारांबाबत अनेकांना माहीत आहेच.

खरं काम चेन करते

इंजिन कितीही मोठं असो, लाकूड कापते ती चेन. धारेच्या चेनने लहान मशीन झरझर कापते. बोथट चेनने 58 सीसीची मशीनही नुसती धूर काढते. ओळखायची खूण सोपी आहे. खाली पडणारा भुसा बघा. चपटे, बारीक तुकडे पडत असतील तर धार ठीक. पिठासारखी पूड पडू लागली, मशीन हाताने दाबावी लागली किंवा काप एका बाजूला वाकू लागला तर धार गेली.

वाळलेली बाभूळ लोखंडासारखी कडक. त्यातून धुऱ्यावरच्या झाडात कुंपणाची तार, खिळे रुतलेले असतात, साल मातीने भरलेली असते. एकदा चेन मातीला किंवा दगडाला टेकली की क्षणात धार जाते. म्हणून ओंडका जमिनीवर ठेवून कापू नये. खाली दोन आडवी लाकडं टाकून उचलून घ्यावा. सालीवरची माती कुऱ्हाडीच्या पात्याने खरडावी.

धार गोल कानशीने लावतात आणि कानशीचा आकार चेनप्रमाणे लागतो. 3/8 इंची लो-प्रोफाइल चेनला 4 मिलिमीटरची, 0.325 इंची चेनला 4.8 मिलिमीटरची कानस. दात्यावर साधारण 30 अंशांची तिरपी रेघ असते, त्याच कोनात, आतून बाहेर, प्रत्येक दात्याला सारखेच तीन-चार हात मारावेत. दात्यापुढची बुटकी कड दात्यापेक्षा थोडी खाली, साधारण 0.65 मिलिमीटर असते. धार लावून लावून दाता उतरत जातो, म्हणून अधूनमधून ती कडही चपट्या कानशीने घासावी लागते. पण जास्त घासली तर मशीन उसळी मारते.

नवीन चेन आणताना तीन आकडे लागतात. पिच, गेज म्हणजे बारच्या खाचेत बसणाऱ्या पायाची जाडी, आणि पायांची संख्या. हे बहुतेक बारवर कोरलेले असतात. मोबाईलवर त्याचा फोटो काढून ठेवा. "18 इंची चेन द्या" एवढ्यावर आणलेली चेन बसेलच असं नाही.

पेट्रोलचं मिश्रण : इथेच बऱ्याच मशीन मरतात

कटरचं इंजिन टू-स्ट्रोक असतं. त्यात वेगळं इंजिन ऑइल नसतं, ते पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं. नुसतं पेट्रोल टाकून चालवली की पिस्टन पकडतो आणि दुरुस्तीचा खर्च नव्या मशीनच्या जवळ जातो. प्रमाण कंपनीच्या पुस्तकात दिलेलं असतं. 50 ला 1 म्हणजे एक लिटर पेट्रोलला 20 मिलिलिटर ऑइल, 40 ला 1 म्हणजे 25 मिलिलिटर, 25 ला 1 म्हणजे 40 मिलिलिटर. अंदाजाने झाकणभर टाकू नका. मेडिकलमधून मापाची सिरिंज आणा. ऑइल हवेने थंड होणाऱ्या टू-स्ट्रोक इंजिनचंच हवं. ट्रॅक्टरचं किंवा नव्या मोटारसायकलचं चालत नाही.

पंपावर आता 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. मिश्रण महिनोन्‌महिने टाकीत राहिलं तर पाणी खाली बसतं आणि कार्बोरेटरमधल्या रबरी पडद्यांना त्रास होतो. म्हणून पंधरा-वीस दिवसांत संपेल एवढंच मिश्रण करावं. हंगाम संपला की टाकी रिकामी करावी आणि मशीन सुरू करून आतलं उरलेलं पेट्रोल जळून ती आपोआप बंद पडू द्यावी. एवढं केलं तर पुढच्या वर्षी दोरी ओढून हात दुखत नाही.

दुसरी टाकी चेनच्या ऑइलची. ती पेट्रोलच्या टाकीसोबतच भरावी. ऑइल येतं का हे बघायला बारचं टोक एखाद्या पांढऱ्या कागदासमोर किंवा कापलेल्या लाकडासमोर धरून मशीन थोडी वाढवा. तेलाची रेघ उमटली पाहिजे. जळकं काळं ऑइल टाकू नये. त्यातली घाण पंप आणि बार खाते.

हात-पाय वाचवायचे तर

पूर्ण वेगात चेन सेकंदाला 20 मीटरच्या आसपास पळते. ट्रिगर सोडून चेन थांबेपर्यंत जे व्हायचं ते होऊन जातं. सर्वात धोकादायक जागा म्हणजे बारच्या टोकाचा वरचा भाग. तो दुसऱ्या फांदीला किंवा ओंडक्याला लागला की मशीन उलटी उसळून थेट तोंडाकडे किंवा खांद्याकडे येते. त्यासाठीच पुढच्या दांड्यासमोर चेनब्रेक असतो. हाताने पुढे ढकलला की चेन जागच्या जागी थांबते आणि चांगल्या मशीनमध्ये जोरदार झटक्यानेही तो आपोआप लागतो. ब्रेक नसलेली किंवा ब्रेक न लागणारी मशीन फुकट मिळाली तरी घेऊ नये.

चालवताना एवढं पाळावं :

- मशीन दोन्ही हातांनी, अंगठा दांड्याभोवती घालून धरावी. टोकाने कापू नये. खांद्याच्या वर मशीन नेऊ नये.
- शिडीवर किंवा झाडावर चढून, एका हाताने फांदी कापू नये.
- सुरू करताना मशीन जमिनीवर ठेवावी, ब्रेक लावावा, मागच्या दांड्यात पाय ठेवून दोरी ओढावी. हवेत लोंबकळत धरून दोरी ओढू नये.
- लुंगी, धोतराचा सोगा, गळ्यातलं उपरणं, हेडफोनची वायर नको. पायात चप्पल नको, जाड बूट हवा. डोळ्यांना चष्मा हवा.
- आवाज 100 डेसिबलच्या आसपास असतो. कानात बोळे हवेतच. आज काही वाटत नाही, पण काही वर्षांनी ऐकू कमी येऊ लागतं.
- झाड पाडताना त्याच्या उंचीच्या दुप्पट अंतरात कोणी नको, पोरंबाळं तर नकोच. मागे पळायची वाट आधी मोकळी करावी.
- वरून विजेची तार जात असेल तर लाईनमनला कळवून प्रवाह बंद केल्याशिवाय हात लावू नये.
- पडलेलं झाड फांद्यांवर तोलून असेल तर त्यात ताण असतो. कोणत्या बाजूला दाब आहे ते पाहूनच काप घ्यावा. बार चिमटला तर ओढाताण न करता मशीन बंद करून पाचर ठोकावी.
- आग्या मोहोळ आणि ढोलीतला साप हेही आधी बघावेत.
- एकट्याने रानात मशीन चालवू नये. हाकेच्या अंतरावर माणूस हवा.

कोणतं झाड कापता येतं?

मशीन आपली आणि शेतही आपलं, म्हणून झाड आपल्या मर्जीने तोडता येतं असं नाही. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, 1964 मध्ये काही झाडांची यादी आहे. साग, आंबा, चिंच, मोह, जांभूळ, खैर, अंजन, चंदन, बिजा, हळदू, ऐन, तिवस ही त्यातली आपल्या ओळखीची नावं. ही झाडं स्वतःच्या सातबाऱ्यावरची असली तरी लेखी परवानगी लागते. बाभूळ, निंब, सुबाभूळ त्या यादीत नाहीत. तरी लाकूड गाडीत भरून दुसऱ्या गावी न्यायचं असेल तर वाहतूक पास लागतो का, हे वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या कार्यालयात आधी विचारावं.

रस्त्याकडचं, गायरानातलं, नाल्याकाठचं सरकारी जागेतलं झाड वाळलं असलं तरी विचारल्याशिवाय कापू नये. नगरपरिषदेच्या हद्दीत 1975 चा झाडांचा वेगळा कायदा आहे, तिथे बाभळीलाही परवानगी लागते. ज्ञानगंगा, अंबाबरवा आणि लोणार या अभयारण्यांत तर वाळली काडी आणण्यावरही बंधनं आहेत. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा आहे आणि कटरचा आवाज दूरपर्यंत जातो.

दुकानात जाताना ही यादी सोबत ठेवा

1. आपल्या लाकडाची सर्वसाधारण जाडी किती? बार त्याहून दोन इंच लांब, त्याच्यावर नको.
2. ताकद किती किलोवॅट, वजन किती? मशीन पाच मिनिटं हातात धरून उभं राहून बघा.
3. चेनब्रेक लावून, मशीन बंद असताना, हातमोजा घालून चेन ओढून बघा. हलता कामा नये. ब्रेक सोडल्यावर सहज फिरली पाहिजे.
4. मशीन सुरू करून दाखवायला सांगा. ट्रिगर न दाबता चेन फिरत असेल तर सेटिंग चुकलं आहे.
5. जास्तीची चेन, प्लग, एअर फिल्टर, सुरू करायची दोरी हे चार पार्ट दुकानदाराकडे आज शिल्लक आहेत का? "मागवून देतो" हे उत्तर धरू नका.
6. दुरुस्ती करणारा कोण आणि किती किलोमीटरवर? खामगाव, चिखली, मलकापूर, मेहकर अशा बाजाराच्या गावांत मशीन घ्यायची तर दुरुस्तीही तिथेच होते का ते विचारा.
7. पक्कं बिल आणि वॉरंटी कार्डावर मशीनचा नंबर घालून घ्या.
8. मिश्रणाचं प्रमाण दुकानदाराकडून बिलाच्या मागे लिहून घ्या.

घरच्या जळतणासाठी वर्षातून आठ-दहा दिवस मशीन चालणार असेल तर दुसऱ्या गटातली, 16 इंची बारची, जवळ दुरुस्ती असलेली मशीन पुरेशी आहे. पैसे उरले तर त्यातून मोठा बार घेऊ नका. एक जास्तीची चेन, एक गोल कानस, चष्मा आणि बूट घ्या. भाड्याने कटाई करणाऱ्याने तिसऱ्या गटात जावं. आणि ज्याच्याकडे वर्षाला दोन बाभळीच पडतात, त्याने मशीनवाल्याला फोन लावावा. उरलेल्या पैशात पेरणीचं बियाणं येतं.